गॅस कटरचं हँडल: घेताना काय पाहायचं, वापरताना काय टाळायचं

मागच्या अंकात नोझल साफ करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं नोझलच्या मागच्या भागाबद्दल आहेत, म्हणजे हँडलबद्दल. वागळे इस्टेटमध्ये माझ्या बाकावर दुरुस्तीला येणारे कटर आणि ब्रेझिंगचे, म्हणजे सळई वितळवून सांधा जोडण्याचे, टॉर्च पाहताना मलाही तेच जाणवतं. नोझल नवं असतं, होज नवा असतो, रेग्युलेटरचा काटाही नीट चालत असतो, आणि हातात धरायचा भाग मात्र कसाबसा तग धरून असतो. म्हणून यावेळी हँडलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: काका, वागळे इस्टेटमध्ये माझं ग्रिल-गेटचं छोटं काम आहे, दोन कारागीर आहेत. कटिंगला एलपीजी आणि ऑक्सिजन वापरतो. पाच-सहा महिन्यांत कटरचा नॉब ढिला पडतो, गॅस गळायला लागतो, मग नवा कटर घ्यावा लागतो. मुंबईत नागदेवीच्या अवजारांच्या बाजारात गेलो तर दुकानदारानं तीन कटर पुढे ठेवले. एक बाराशेचा, एक अडीच हजारांचा, एक सहा हजारांच्या वर. तिन्ही पितळी, दिसायला सारखेच. आमचा मिस्त्री म्हणतो, हातात जड लागेल तो घ्या. काय करू?
— एक फॅब्रिकेटर, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: मिस्त्रींचा हात चांगला असेल, पण वजनाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं नाही. ओतीव पितळेचं जाड अंग केलं की कटर जड होतो, टिकाऊ होत नाही. तुमच्या पत्रातच खरं कारण आलं आहे: नॉब ढिला पडतो, गॅस गळतो. म्हणजे अंग शाबूत आहे, व्हॉल्व्ह गेला आहे. बहुतेक कटर व्हॉल्व्हपाशीच संपतात, आणि घेताना नेमका तोच भाग कुणी उघडून पाहत नाही.

नॉबच्या आत स्पिंडल असतो. त्याचं टोक निमुळतं असतं किंवा टोकावर छोटी गोळी बसवलेली असते. नॉब फिरवून बंद केला की ते टोक आतल्या सीटवर टेकतं आणि गॅसची वाट बंद होते. स्पिंडलभोवती ग्लँड नटाखाली पॅकिंग किंवा ओ-रिंग असते, ती गॅसला नॉबच्या बाजूनं बाहेर पडू देत नाही. स्वस्त कटरमध्ये स्पिंडल पितळेचा आणि सीटही पितळेची. दोन्ही मऊ. संध्याकाळी कारागीर घाईत नॉब पकडीनं आवळतो, टोकावर कडं उमटतं. दुसऱ्या दिवशी तेवढ्या आवळण्यानं गॅस थांबत नाही, म्हणून तो आणखी आवळतो. असं रोज चाललं की सीट खोल जाते आणि मग कितीही आवळा, गॅस झिरपतच राहतो. स्टेनलेसचा स्पिंडल किंवा स्टेनलेसची गोळी असली की टोक आकार सोडत नाही आणि बोटांच्या जोरावर व्हॉल्व्ह बंद होतो.

म्हणून दुकानात काउंटरवर उभे असतानाच दोन्ही नॉब पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. फिरताना कुठे अडकतंय का, कुठे एकदम मोकळं सुटतंय का ते बोटांना कळतं. नॉब अर्धा उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. स्पिंडल झुलत असेल तर आटे ढिले कापलेले आहेत, तो कटर तिथेच ठेवून द्या. मग दुकानदाराला ग्लँड नट सोडून स्पिंडल बाहेर काढून दाखवायला सांगा. नव्या मालात हे करायला चांगला दुकानदार कुरकुर करत नाही. स्पिंडलचे आटे स्वच्छ, टोक गुळगुळीत आणि पांढऱ्या धातूचं दिसलं पाहिजे. लोहचुंबकाला फार महत्त्व देऊ नका. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात, काही चिकटत नाहीत.

दुसरी गोष्ट अंगाची. घडीव पितळ, म्हणजे तापवून साच्यात दाबून बनवलेलं, आतून भरीव असतं. ओतीव पितळेत बारीक छिद्रं राहू शकतात आणि दाबाखाली त्यांतून गॅस झिरपतो. पॉलिश केल्यावर दोन्ही सारखीच चमकतात, म्हणून पॉलिशचं चाक पोचत नाही तिथे पाहा: मुंडीच्या खालच्या खोबणीत, नळ्या जिथे अंगात शिरतात तिथे. वाळूसारखा खरखरीतपणा, सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तो ओतीव माल समजा. त्याच जागी सांधाही तपासा. नळी आणि अंग यांच्यामध्ये झाळ सगळीकडून एकसारखी, गोल फिरून मिटलेली हवी. एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला फट असेल तर पहिल्यांदा हातातून पडल्यावरच तो सांधा उघडेल. मुंडीकडच्या नळ्या स्टेनलेसच्या असतील तर उत्तम. त्या आपटल्यावर सहज वाकत नाहीत आणि स्लॅगच्या, म्हणजे कापताना उडणाऱ्या वितळलेल्या मळीच्या, ठिणग्यांनी लवकर खराब होत नाहीत.

कटिंग ऑक्सिजनचा लिव्हर पाच-दहा वेळा दाबा. सोडल्यावर तो झटक्यात परत आला पाहिजे. त्याची पिन स्क्रूनं बसवलेली असेल तर स्प्रिंग बदलता येते. ठोकून पक्की केलेली असेल तर स्प्रिंग गेल्यावर कटरच गेला. खाडीच्या खाऱ्या हवेत आपल्याकडे साधी स्प्रिंग एका पावसाळ्यात गंजते, त्यामुळे ही बाब ठाण्यात-कळव्यात जास्त महत्त्वाची.

आता सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तो दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारायचा: "या कटरचा स्पिंडल, ओ-रिंग, ग्लँड पॅकिंग आणि लिव्हरची स्प्रिंग सुटी मिळते का? आत्ता दाखवा." पुढच्या आठवड्यात मागवून देतो, हे उत्तर मी धरत नाही. घरचा नळ गळायला लागला की आपण वॉशर बदलतो, भिंत फोडून पाइप बदलत नाही. कटरचंही तसंच व्हायला हवं. सुटे भाग मिळणारा अडीच हजारांचा कटर सुटे भाग न मिळणाऱ्या सहा हजारांच्या कटरपेक्षा मला जास्त टिकाऊ वाटतो. तुमच्या तिघांपैकी मधल्याचे भाग काउंटरवर दिसले तर तोच घ्या, नाहीतर महागाचा. बाराशेचा घेऊ नका. त्यात स्पिंडल आणि सीट दोन्ही मऊ निघण्याचीच शक्यता जास्त, आणि वर्षातून दोनदा तो घेण्यात तुमचा पैसा तर जातोच, मधल्या काळात कारागीर गळक्या गॅसजवळ काम करतात.

अंगावर बनवणाऱ्याचं नाव आणि मानकाचा आकडा कोरलेला आहे का पाहा. हाताच्या कटर-टॉर्चसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५१७२ आहे, आपलं भारतीय मानक आयएस ७६५३. नुसता स्टिकर असेल तर तो कुणीही चिकटवू शकतो. ऑक्सिजनच्या बाजूचा आटा उजवा आणि इंधन गॅसच्या बाजूचा डावा असतो, डाव्या आट्याच्या नटाच्या कडांवर खाचा असतात. हल्ली ऑनलाइन मागवलेले काही कटर अमेरिकी मापाच्या आट्याचे येतात. आपल्याकडचे होज नट बहुतेक तीन-अष्टमांश इंची पाइप आट्याचे. ते एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि लोक टेफ्लॉन टेप गुंडाळून ते रेटतात. कृपा करून हे करू नका. या जोडात गॅस अडवतं ते धातूवर धातू बसणं, टेप नाही. आटा बरोबर असेल तर टेपची गरजच नाही, आणि चुकीचा असेल तर टेपनं तो सुरक्षित होत नाही.

तुम्ही एलपीजी वापरता म्हणून एक गोष्ट वेगळी. ॲसिटिलीनच्या एका भागाला सिलिंडरमधून साधारण एका भागाहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. एलपीजीतल्या प्रोपेनला जवळजवळ चार भाग. त्यामुळे एलपीजीवर प्री-हीट, म्हणजे कापण्याआधी धातू तापवणं, सावकाश होतं आणि ऑक्सिजन जास्त जातो. नोझलही वेगळं, दोन भागांचं, आतला भाग किंचित मागे सरकलेला. नोझलमध्ये गॅस मिसळणाऱ्या कटरवर फक्त नोझल बदलून दोन्ही गॅस चालवता येतात. इंजेक्टरच्या कटरमध्ये, म्हणजे ऑक्सिजनचा झोत गॅसला ओढून घेतो अशा कटरमध्ये, मात्र इंजेक्टर गॅसनुसार असतो, तेव्हा घेताना "एलपीजीवर चालवणार आहे" हे स्पष्ट सांगा.

इंजेक्टरचा कटर घेतलात तर घरी आणल्यावर एक चाचणी करा. ज्योत नाही, आजूबाजूला काही पेटलेलं नाही. गॅसचा होज कटरपासून सोडून ठेवा, ऑक्सिजनचा होज जोडून दाब द्या, कटरचे ऑक्सिजन आणि गॅस दोन्ही नॉब उघडा आणि गॅसच्या उघड्या तोंडावर अंगठा धरा. अंगठा आत ओढल्यासारखा वाटला पाहिजे. ओढ नसेल किंवा उलट हवा बाहेर येत असेल, तर तो कटर पेटवायचा नाही. ऑक्सिजन गॅसच्या होजमध्ये घुसेल. अंगठ्याला तेल किंवा ग्रीस लागलेलं नसावं.

फ्लॅशबॅक अरेस्टर रेग्युलेटरपाशी लावता तसे कटरपाशीही लावा. नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा येणारा गॅस अडवतो, उलटी येणारी ज्योत अडवत नाही. अरेस्टरमध्ये सच्छिद्र धातूचा एक गाभा असतो, ज्योत त्यातून जाताना थंड होऊन विझते. काही महाग हँडलमध्ये तो आतच बसवलेला येतो. मला सुटा बरा वाटतो, कारण तो खराब झाला तर एकटाच बदलता येतो.

आणि आता पाच-सहा महिन्यांचं कोडं. सहा हजारांचा कटरही तुमच्या गाळ्यात वर्षभरात संपेल, जर तो रात्री होजला लटकत राहिला, दुपारी जेवायला जाताना लोखंडाच्या ढिगावर टाकला गेला आणि नॉब पकडीनंच बंद होत राहिला. भिंतीवर त्याच्यासाठी एक हूक लावा. कारागिरांना सांगा, नॉबला फक्त बोटं. काम संपलं की सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून होजमधला दाब सोडायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर शटर बंद असलेल्या गाळ्यात जमिनीलगत साचतो, सकाळी पहिला स्विच दाबणारा माणूस तुमचाच असतो. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक असेल असं धरतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाळ्यात वापरायला कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न: सर, मी आयटीआय करून एसी दुरुस्तीचं काम करते, ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांमध्ये. प्रत्येक वेळी ऑक्सिजनचा छोटा सेट वर न्यायला जमत नाही, म्हणून गॅसच्या पिवळ्या डब्यावर बसणारा हँड टॉर्च घेतला. पहिल्याच पावसाळ्यात त्याचं लायटर बंद पडलं. दुसरा घ्यायचा आहे. कोणता टिकेल? आणि तांब्याच्या पाइपला त्याची ज्योत पुरते का?
— एक एसी तंत्रज्ञ, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: ताई, स्प्लिट एसीच्या पाव इंचापासून पाऊण इंचापर्यंतच्या तांब्याच्या नळीला ती ज्योत पुरते, सांध्याला वारा लागत नसेल तर. बाल्कनीत काम करताना पाठीमागे पत्र्याचा तुकडा आडवा धरलात तर वेळ वाचतो आणि भिंतीचा रंगही जळत नाही. त्याहून मोठ्या नळीला, किंवा व्हॉल्व्हच्या जाड पितळेला, ऑक्सिजनचाच सेट न्या. अपुऱ्या ज्योतीखाली सांधा बराच वेळ तापत राहतो, तांबं काळं पडतं, आत पापुद्रे धरतात आणि ते पुढे कॅपिलरीत, म्हणजे एसीच्या अगदी बारीक नळीत, अडकतात.

पिवळ्या डब्यावर मॅप असं लिहिलेलं असतं, पण मूळ मॅप गॅसचं उत्पादन अमेरिकेत २००८ मध्ये थांबलं. आता त्या नावाखाली मिळतो तो बहुतांशी प्रोपिलीन. कामाला चालतो.

हँडल घेताना आधी डब्याचा आटा जुळवा. पिवळ्या उंच डब्याचा आटा एक इंची असतो, कॅम्पिंगच्या बुटक्या डब्याचा बारीक असतो, आणि हॉटेलच्या शेफ वापरतात त्या लांबट ब्यूटेनच्या डब्याला आटाच नसतो, तो खाचेत अडकवून फिरवायचा असतो. तीन वेगळी कुटुंबं आहेत ही. मधे जोडणारे अडॅप्टर मिळतात, मी ते वापरू देणार नाही; प्रत्येक जोड म्हणजे गळायची आणखी एक जागा, आणि तुम्ही शिडीवर उभ्या असता.

पिझो लायटर, म्हणजे बटण दाबल्यावर ठिणगी पाडणारं, टिकेल या भरवशावर टॉर्च निवडूच नका. आपल्या पावसाळ्यात ओलावा आत जातो, ठिणगी भलतीकडे उडते आणि लायटर मुकं होतं. टॉर्च असा घ्या की लायटर गेलं तरी चकमकीच्या लायटरनं, वेल्डर वापरतात त्या वाटीच्या, पेटवता येईल. ट्रिगर दाबल्याशिवाय गॅसच सोडत नाहीत असे काही टॉर्च असतात, त्यांत पिझो मेलं की एका हातानं ट्रिगर आणि दुसऱ्या हातानं लायटर अशी कसरत होते. नॉबनं गॅस उघडणारे त्या मानानं सोपे. ज्योतीची नळी स्टेनलेसची, अंग धातूचं, आणि आत दाब सांभाळणारा रेग्युलेटर असलेला टॉर्च घ्या. रेग्युलेटर नसेल तर डबा आडवा केल्यावर द्रव गॅस येतो आणि ज्योत पिवळी होऊन उसळते. कंडेन्सरच्या मागे हात घालायचा असेल तर डबा कमरेच्या पट्ट्याला आणि हातात फक्त होजला जोडलेलं हँडल, असा प्रकार मिळतो. महाग आहे, पण तुमच्या कामाला तोच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. हातात वजन कमी, मनगट वळतं, सांधा दिसतो.

तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरस असलेली सळई वापरत असाल, तिला फ्लक्स, म्हणजे सांध्याची जागा स्वच्छ ठेवणारं रसायन, लागत नाही. तीच सळई कॉम्प्रेसरच्या स्टीलच्या नळीवर वापरू नका. फॉस्फरस आणि लोखंड यांचा ठिसूळ थर बनतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीनं सांधा काही महिन्यांत उघडतो. तिथे चांदीची सळई आणि फ्लक्स. चांदीची सळई घेताना कॅडमियम नसलेली मागा, कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो. नळीतून नायट्रोजन हळू सोडत ब्रेझिंग करा, म्हणजे आत पापुद्रे धरत नाहीत. आणि आर-३२ असो की आर-२२, आत रेफ्रिजरंट असलेल्या नळीवर ज्योत लावायची नाही. आर-३२ पेटू शकतो, आणि ज्योतीत सापडलेल्या या वायूंपासून विषारी आम्लवायू तयार होतात. बंद गॅलरीत ते थेट तुमच्या नाकात जातात.

रिकामा डबा घरगुती सिलिंडरवरून भरून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. तो डबा एकदाच भरण्यासाठी बनवलेला असतो, त्याची सीट परत परत बसत नाही.

प्रश्न: नमस्कार. तुर्भ्याच्या एका शीतगृहात मेंटेनन्सला आहे. अमोनियाचा प्लांट आहे. कटरचा सेट प्लांट रूममध्येच भिंतीला टांगलेला असतो, फारसा वापर नसतो. होजच्या पितळी नटाला उभी चीर गेली, बदलला. काही महिन्यांनी नव्या नटालाही गेली आणि आता हँडलच्या मानेवर बारीक रेघ दिसते. कुणी आपटलेलं नाही. माल खराब आहे का?
— एक फिटर, तुर्भे, नवी मुंबई

उत्तर: माल खराब असेलच असं नाही, जागा चुकीची आहे. तुमचं पत्र वाचून मला आधी काळजी वाटली ती त्या मानेवरच्या रेघेची. तो कटर आजपासून वापरू नका. ब्रेझिंग करून रेघ बुजवायचाही प्रयत्न करू नका.

पितळ आणि अमोनिया यांचं हाडवैर आहे. पितळेच्या वस्तूत बनवताना ताण अडकून राहतो; थंड अवस्थेत खेचलेल्या, दाबलेल्या, वळवलेल्या भागांत जास्त. त्यावर अमोनियाचा थोडासा अंश आणि दमट हवा एकत्र आली की स्फटिकांच्या सीमांवरून धातू उघडत जातो आणि एक दिवस आपोआप चीर पडते. वरून रंग बदललेला दिसेल, नाही दिसणार, पण आत काम चालू असतं. नट आवळल्यामुळे त्यात आणखी ताण येतो, म्हणून पहिली चीर नटाला गेली.

ही गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात साठ्यातच तडकायची. ती तबेल्यांजवळ ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया तिथल्या ओल्या हवेत असायचा. त्यामागचं कारण १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी नीट मांडलं, आणि काडतुसं हलक्या आचेवर तापवून आतला ताण काढणं हा उपाय सापडला. तुमच्या प्लांटमधल्या रेफ्रिजरंटच्या लाइनी पाहा, त्या लोखंडाच्या आहेत. तांबं-पितळ तिथे कुणी वापरत नाही, याच कारणानं. मग कटर तरी त्याच खोलीत का टांगायचा?

नवा सेट घ्या आणि तो प्लांट रूमच्या बाहेर, वाहत्या हवेच्या कोरड्या खोलीत ठेवा. निकेल किंवा क्रोमचा मुलामा असलेलं हँडल घेतलंत तरी जागा बदलायला हवीच, मुलाम्यात बारीक छिद्रं असतात. नळ्या स्टेनलेसच्या आणि अंग भरीव घडीव असलेलं हँडल पातळ भिंतीच्या, खेचून बनवलेल्या नळ्यांच्या हँडलपेक्षा इथे जास्त टिकेल. अरेस्टरचे आणि रेग्युलेटरचे पितळी भागही त्याच खोलीत होते, तेही उजेडात भिंग घेऊन तपासा. दर आठवड्याला होज नटांवर साबणाचं पाणी लावायची सवय ठेवा.

जाता जाता, पण महत्त्वाचं: अमोनिया हवेत साधारण १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान असला तर पेट घेतो. वासावरून तो आहे हे कळतं, किती आहे हे कळत नाही. त्या लाइनवर कटर लावण्याआधी लाइन रिकामी करून धुऊन घेतली आहे याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय लायटर खिशातून काढू नका. वरिष्ठ घाई करत असतील तर हे पान त्यांना दाखवा.

प्रश्न: ॲसिटिलीनवर कटिंग करताना कटर फट्‌फट् बॅक मारतो आणि कधी कधी आतून शिट्टीसारखा आवाज येऊन हँडल गरम होतं. हँडल बदलू का?
— एक कटिंगवाला, तळोजा एमआयडीसी

उत्तर: फट्‌फट् आणि शिट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फट् आवाज होऊन ज्योत विझते, ते बहुतेक वेळा नोझलमुळे: नोझल कामाला टेकलं, ढिलं आहे, भोकात स्लॅग आहे किंवा गॅसचा दाब कमी आहे. शिट्टी आणि गरम हँडल म्हणजे ज्योत आत शिरून मिक्सरमध्ये, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजन मिसळतात त्या भागात, जळते आहे. त्या क्षणी कटरचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच गॅस बंद, मग दोन्ही सिलिंडर. परत पेटवून पाहू नका. नोझल काढून बसायचा शंकू पाहा, त्यावर ओरखडा असेल तर तिथून गॅस आडवाटेनं मिसळतो. आत काजळी दिसली तर हँडल दुरुस्तीला द्या, आणि अरेस्टरही, कारण एकदा ज्योत अडवलेला अरेस्टर पुन्हा तसाच अडवेल याची खात्री नसते. दाब कमी पडतोय म्हणून ॲसिटिलीन १५ पीएसआयच्या वर नेऊ नका. त्याच्या वर हा वायू ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो.

प्रश्न: वडिलांचा जुना पितळी वेल्डिंग टॉर्च घरात आहे. अंग एकदम भक्कम. एक नळी चेपली आहे, तिथे एसीच्या तांब्याच्या नळीचा तुकडा बसवून ॲसिटिलीनवर ब्रेझिंगला वापरावा असं मनात आहे. नॉब जड फिरतात, त्यांना थोडं मशीनचं तेल सोडलं तर?
— एक वाचक, कळवा

उत्तर: वडिलांचं अवजार वापरात राहावं असं वाटणं मला फार आवडलं, आणि म्हणूनच या दोन्ही गोष्टी करू नका असं कळकळीनं सांगतो.

शुद्ध तांब्यात ॲसिटिलीन साचून राहिला की तांब्याचं ॲसिटिलाइड बनतं. ते कोरडं झालं की नुसत्या धक्क्यानं स्फोट होऊ शकतो. म्हणून ॲसिटिलीनच्या वाटेतल्या भागांत तांब्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आत ठेवतात, आणि अंगं पितळेची असतात. नोझल तांब्याचं चालतं, कारण तिथे गॅस साचत नाही, वाहत असतो. तुमच्या नळीत तो रात्रभर साचेल. चेपलेली नळी त्याच मापाच्या पितळी किंवा स्टेनलेस नळीनं, टॉर्च दुरुस्त करणाऱ्याकडूनच बदलून घ्या.

तेलाचं तर नावच काढू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवाय पेटू शकतं. नॉब जड फिरतात, ते बहुधा जुनं पॅकिंग सुकून कडक झाल्यामुळे. ग्लँड नट सोडा, स्पिंडल काढा, स्वच्छ सुती कापडानं पुसा, पॅकिंगच्या जागी टेफ्लॉनचं नवं पॅकिंग किंवा त्या मापाची ऑक्सिजनला चालणारी ओ-रिंग बसवा. ऑक्सिजनसाठीची खास ग्रीस मिळते. ती मिळाली नाही तर कोरडंच बसवा. जुन्या टॉर्चवर मापाचे आकडे कोरलेले असतील तर ते कागदावर उतरवून सुट्या भागांच्या दुकानात न्या, स्पिंडलही सोबत न्या. सगळं जोडून झालं की नॉब बंद ठेवून दाब द्या, प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि टीप पाण्याच्या ग्लासात बुडवून पाहा. एकही बुडबुडा आला तर तो टॉर्च अजून तयार झालेला नाही, स्पिंडल परत काढा.